वरचीचं माप

शिवणखोलीच्या कोपऱ्यात एक लांब दांड्याचा झाडू कायम उभा असायचा. तो केर काढायला नव्हता, छत ठोकायला होता. वर खुर्ची सरकली, बादली आपटली किंवा सकाळच्या वेळी गळ्याचा रियाज जरा वरच्या पट्टीत गेला की खालची मशीनवरून उठायची आणि दांड्यानं छताला तीन टोले द्यायची. वरूनही मग टाच आपटल्याचे तीन आवाज यायचे. एकोणीस वर्षं दोघींमध्ये एवढाच काय तो सुसंवाद उरला होता.

चर्चच्या मंडळीत त्यांना नावानं कुणी हाक मारत नसे. तळमजल्यावर शिवणकाम करणारी ती ‘खालची’ आणि माडीवर एकटी राहणारी तिची थोरली नणंद ती ‘वरची’. उपासनेनंतर चहाच्या टेबलाशी कुणी नवखा विचारायचा, “तुम्ही दोघी नात्यातल्या ना?” त्यावर खालची म्हणायची, “एका जिन्याच्या आहोत.”

सासूबाईंनी जाताना सुनेला आपलं काळं शिवणयंत्र दिलं आणि लेकीला माडी. दोघींनाही वाटलं, की दुसरीला जास्त मिळालं. खालचीचा नवरा, म्हणजे वरचीचा धाकटा भाऊ, होता तोवर दोघींची तोंडं धरून होता. तो गेला आणि तोंडं सुटली.

पण खालचीच्या हाताला मात्र कुणी नाव ठेवू शकत नसे. ते तिचं पोट होतं आणि नाकही तेच होतं. एकतीस वर्षांत तिचं माप चुकलं नव्हतं. जाड पुठ्ठ्याची एक लांबोडकी वही होती. तिच्यात प्रत्येक गिऱ्हाइकाचं पान, पानावर तारखेसकट छाती, कंबर, खांदा, बाही. माणसं तिला मानेखालून ओळखू यायची. कुणाचा डावा खांदा उतरता आहे, कुणाचा एक हात पाऊण इंच लांब आहे, कोण पोट आत ओढून माप देतो, सगळं तिला तोंडपाठ. मानेच्या वरचं ती फारसं बघत नसे. तिथे तिला काही शिवायचं नव्हतं.

त्या वर्षी मंडळीला शंभर वर्षं पूर्ण होणार होती. गायकांसाठी सोळा नवे पांढरे झगे शिवायचे ठरले आणि काम अर्थातच खालचीकडे आलं. सोळा गायकांतली एक वरची होती. तीस वर्षं पहिल्या रांगेत उभी राहून गाणारी, आवाज असा की मागच्या बाकावरच्या बहिऱ्या आजोबांनाही ऐकू जावा. माप द्यायला ती खाली आली ती चेहऱ्यावर असे भाव घेऊन, की जणू दात काढून घ्यायला आली आहे.

“हात वर करा,” खालची टेप ताणत म्हणाली.

“केलेत. अजून वर केले तर स्वर्गात जातील.”

“तिथे कोण घेतंय!”

छाती अडतीस, कंबर चौतीस. खालचीनं लिहून ठेवलं. झगे महिन्याभरात झाले. पंधरा अंगावर असे बसले, की गायनमास्तरांनी नकळत स्वतःच्या जुन्या कोटाकडे बघितलं. सोळावा झगा वरचीच्या खांद्यावरून घसरत होता.

“हे काय शिवलंयस? यात अजून एक बाई मावेल,” वरची शिवणखोलीच्या दारात उभी राहून म्हणाली.

“मग आणा तिला. तिच्याशी तरी तुमचं पटतं का बघू.”

पुन्हा माप घेतलं. छाती छत्तीस, कंबर एकतीस. खालची मनातून चरफडली. पहिलं माप बरोबरच होतं, याबद्दल तिला तसूभरही शंका नव्हती. म्हणजे ही बाई आपल्याला दुप्पट काम पडावं म्हणून बारीक होत चालली आहे! तोंडानं मात्र ती म्हणाली, “कमी खाणं चाललंय वाटतं? या वयात कुणाला दाखवायचंय?”

“माझं मी बघेन. तू तुझी टेप बघ.”

तिनं टेपच बघितली. दोन्ही बाजूंच्या शिवणी उसवून झगा आत घेतला.

त्यानंतरच्या महिन्यांत वरच्या मजल्यावरचा उपद्रव कमी झाला. खुर्ची सरकेना, बादली आपटेना. रियाज आधी दहा मिनिटांवर आला आणि मग बंदच पडला. खालचीला वाटलं, चला, झाडूच्या दांड्याला अखेर यश आलं. तिनं रविवारी त्याबद्दल देवाचे आभारही मानले.

एक गोष्ट मात्र तिला खटकायची. वरची जिना चढताना सहाव्या पायरीवर थांबायला लागली. शिवणखोलीचं दार त्या पायरीच्या अगदी समोर. कठड्याला धरून ती मिनिटभर तिथे उभी राही. “चोरून बघते, कोणाकोणाचे कपडे आलेत ते,” खालची गिऱ्हाइकांना सांगायची. शेवटी तिनं दाराला पडदा लावला. फुलाफुलांचा, चांगला जाड.

उपासनेत शेजाऱ्याचा हात हातात घेऊन ‘शांती असो’ म्हणायची वेळ आली, की दोघी एकमेकींना दोन बोटं द्यायच्या, जणू हात ओला आहे. अशाच एका रविवारी खालचीला दिसलं, की वरचीनं बोटातल्या अंगठीला आतून दोरा गुंडाळला आहे. अंगठी निसटू नये म्हणून असावा. खालचीनं तो दोरा नीट निरखला. ‘हलक्या प्रतीचा,’ तिनं मनाशी म्हटलं. ‘आठवड्यात तुटेल. मागितला असता तर चांगला दिला असता. पण मागेल कशाला, नाक खाली होईल ना!’

तिसऱ्यांदा झगा घेऊन वरची आली तेव्हा खालची शाळेच्या गणवेशांच्या नमुन्यात गुंतली होती. मंडळीच्या शाळेचे गणवेश म्हणजे तिचं वर्षाचं हुकमी काम, आणि त्याचा निर्णय लवकरच व्हायचा होता.

“पुन्हा ढगळ झालाय.”

“तुमच्यासाठी वेगळा कारखानाच काढते,” खालची दात-ओठ खात उठली. “व्हा उभ्या. हात वर.”

वरचीनं हात वर केले. ते थरथरत होते. टेप छातीभोवती फिरत असताना तिनं एक हात खाली आणून टेबलाची कड धरली.

“हलू नका. टाचणी लागेल.”

“जरा बसू का?”

“बसलं की माप बदलतं.”

वरची बसली नाही. खालचीनं तोंडात टाचण्या धरून आकडे लिहिले. छाती तेहतीस, कंबर अठ्ठावीस. झगा आत घेताना शिवणीत एवढं कापड दाटलं, की तिला ते कापून टाकावं लागलं. कापलेल्या पट्ट्या पायाशी पडल्या, तसा तिचा जीव हळहळला. पट्ट्यांसाठी. कापड महागातलं होतं.

आणि मग तीनेक आठवड्यांनी, तालमीच्या दिवशी ते बोलणं झालं. तिथून अर्ध्या तासात बेकरीवालीनं ते भट्टीतल्या पावासारखं गरमागरम खालचीच्या दारात आणलं. बेकरीवाली गायकांत मागच्या रांगेत उभी राहायची. तिथून ऐकू सगळंच यायचं.

“मास्तर म्हणाले, हा झगा आहे का तंबू? तर तुमच्या नणंदबाई काय म्हणाल्या असतील?”

“बोल.”

“म्हणाल्या, तिचं माप चुकत असेल. वय झालं तिचंही. नजर गेली असेल.”

खालचीच्या हातातली कात्री टेबलावर आपटली.

“असं म्हणाली? चारचौघांत?”

“सोळाचौघांत म्हणा. आणि मास्तर म्हणाले, मग गणवेशांचाही विचार करायला हवा. येत्या रविवारी उपासनेनंतर कमिटी बसणार आहे. मी काही बोलले नाही हो. मला काय करायचंय?”

“तू बोलली नाहीस तेवढा एकच चमत्कार या मंडळीत व्हायचा राहिलाय,” खालची म्हणाली आणि तिनं मापांची वही कपाटातून काढली.

रविवारी ती वही पिशवीत घालून उपासनेला गेली. पाळकसाहेबांनी त्या दिवशी उपदेशाला श्रीमंत माणसाची आणि त्याच्या दारात पडलेल्या भिकाऱ्याची गोष्ट घेतली होती. “त्या श्रीमंतानं त्याला लाथ मारली, असं कुठेच सांगितलेलं नाही,” ते म्हणाले. “कुत्री सोडली, हाकलून दिलं, असंही नाही. तो रोज त्याच दारातून ये-जा करत होता, एवढंच. त्याचा गुन्हा शोधायला गेलात तर हाताला काहीच लागत नाही. त्यानं पाहिलं नाही. बस्स.”

खालचीला उपदेश फार आवडला. चष्म्यावरून तिनं वरचीकडे एक कटाक्ष टाकला. ‘ऐका, ऐका! लोकांच्या दारासमोर थांबून डोकावणारे!’ दृष्टांतात दारात थांबणारा कोण होता आणि आत बसलेला कोण, याची उलटापालट झाली आहे हे तिच्या ध्यानात आलं नाही. रागात माणसाला सगळे उपदेश शेजाऱ्याच्या मापाचे वाटतात.

कमिटी मागच्या छोट्या खोलीत बसली. लांब टेबल, गीतांच्या पुस्तकांचं कपाट, पाळकसाहेब, गायनमास्तर आणि आणखी दोघे. दाराजवळच्या खुर्चीवर वरची. तिलाही बोलावलं होतं. अंगावर शाल ओढून ती भिंतीला टेकली होती. गायनमास्तरांनी खाकरून सुरुवात केली, “बाई, तुमच्या कामाबद्दल आदरच आहे, पण एकच झगा तीनदा…”

“थांबा,” खालचीनं वही टेबलावर उघडली. “एकतीस वर्षं झाली. माझ्या मापावर बोट ठेवणारा अजून जन्माला यायचाय. यांनी ठेवलंय, तर आता वाचूनच दाखवते. माझ्या मनाचं काही नाही, ज्या दिवशी घेतलं त्या दिवशी लिहिलेलं आहे.”

ती उभी राहिली आणि शाळेतल्या पोरीनं कविता म्हणावी तशी खणखणीत आवाजात वाचू लागली.

“पहिलं माप. छाती अडतीस, कंबर चौतीस. या मापानं झगा शिवला. बरोबर? दुसरं माप, दोन महिन्यांनी. छाती छत्तीस, कंबर एकतीस. आत घेतला. तिसरं, अजून दोन महिन्यांनी. छाती तेहतीस, कंबर अठ्ठावीस. दंडाचा घेर बारा होता, तो नऊ. आता सांगा, माझं माप चुकलं का? प्रत्येक वेळी बरोबर होतं! बाईच जर महिन्याला इंच इंच…”

‘झिजत असेल’ हा शब्द जिभेवर आला आणि तिथेच थांबला.

पाळकसाहेबांनी हळूच विचारलं, “हे सगळं एकाच माणसाचं आहे?”

खालचीनं वहीकडे बघितलं. तिच्याच अक्षरात, तिच्याच तारखांखाली, एक बाई चार महिन्यांत सहा इंच कमी झाली होती. मग तिनं मान वर केली आणि वरचीकडे बघितलं. मानेच्या वर. गालांची हाडं वर आली होती. डोळ्यांखाली बोट बुडेल एवढे खड्डे. तो चेहरा तिनं शेवटचा केव्हा पाहिला होता, ते तिला आठवेना.

“झालं तुझं समाधान?” वरची म्हणाली. कठड्याला धरावं तसं दाराला धरून ती उठली आणि निघून गेली.

“म्हणजे तुमचं माप बरोबर होतं,” गायनमास्तर चाचरत म्हणाले. “गणवेशांचं काम… तुमच्याकडेच राहील अर्थात.”

ती जिंकली होती. एवढी जिंकली होती, की आभारही न मानता वही पिशवीत कोंबून ती निघाली. वाटेत तिला ती गोष्ट पुन्हा आठवली. या वेळी मात्र चष्म्यावरून बघायला शेजारी कुणी नव्हतं. त्या श्रीमंतानं निदान दारातल्या भिकाऱ्याचं माप तरी घेतलं नव्हतं. तिनं घेतलं होतं. तीनदा. शिवाय टाचणी लागेल म्हणून दम दिला होता.

वरची जिन्याच्या सहाव्या पायरीवर बसलेली होती. समोर तो फुलाफुलांचा पडदा.

“कधीपासून?” खालचीनं विचारलं.

“तुझ्या वहीत आहे ना. तारखेसकट.”

“तोंडानं सांगायला काय झालं होतं?”

“कुणाला? या पडद्याला?” वरचीला दम लागला होता, पण धार गेली नव्हती. “तीनदा तुझ्यापुढे हात वर करून उभी राहिले. पोलिसासमोर चोर राहतो तशी. एकदा तरी वर बघायचंस.”

“आणि मग चारचौघांत माझं माप चुकलं म्हणून सांगितलंत!”

“सांगितलं. खोटंच सांगितलं. तुझं बरोबर आहे म्हटलं असतं, तर माझं काय होतंय ते म्हणावं लागलं असतं.” तिनं शाल अंगाभोवती ओढली. “आईचं असंच झालं होतं. शेवटी शेवटी तिचे कपडे कोण आत घेत होतं? तूच ना? दर पंधरा दिवसांनी. मला वाटलं, जगात एका माणसाला तरी हे न सांगता कळेल. म्हणून तर येत होते खाली. झग्याचं काय, झगा मी पिना लावूनही घातला असता.”

खालचीनं पिशवीतली वही काढून मागची पानं उलटली. सासूबाईंचं पान त्याच वहीत होतं. आकडे असेच उतरत गेलेले. तेव्हा तिला कळलं होतं. कारण सासूबाईंवर तिचा राग नव्हता.

“उठा,” ती म्हणाली.

“कुठे?”

“दवाखान्यात.”

“आज रविवार आहे.”

“आजाराला कुठे सुट्टी असते? उठा.”

“तुझ्याबरोबर मी यायची नाही.”

“नका येऊ माझ्याबरोबर. मी पुढे चालते, तुम्ही मागून या.”

आणि खरंच तशाच गेल्या. चार पावलं पुढे खालची, चार पावलं मागे वरची. पण खालची इतकी हळू चालत होती, की रस्त्यावरच्या लोकांना वाटलं असेल, हिच्याच पायाला काही झालंय.

दवाखान्यात गर्दी होती. डॉक्टरीणबाईंनी वजन कधीपासून, किती कमी झालं असं विचारलं, तेव्हा वरचीला नीट सांगता येईना. खालचीनं वही पुढे केली. डॉक्टरीणबाईंनी पान वरून खाली वाचलं, पुन्हा एकदा वाचलं.

“इतकी चोख नोंद कुणी आणत नाही. आपण यांच्या कोण?”

“खाली राहते,” वरची म्हणाली.

“भावजय,” खालची म्हणाली.

“मग इतकं सगळं लिहून ठेवलंत, तर दोन महिने आधी आणायचं होतं ना यांना!”

कमिटीपुढे खणखणीत वाचणाऱ्या खालचीनं वही मिटून पिशवीत ठेवली. तपासण्या होईपर्यंत ती बाहेरच्या लोखंडी बाकावर बसून होती. एरवी तिची प्रार्थना लांबलचक असे, त्यात वरचीला सुबुद्धी देण्याविषयी एक स्वतंत्र कलम असे. आज एकच वाक्य सुचलं, तेही प्रार्थनेसारखं नव्हतं. ‘प्रभू, तू माझ्या दारात आलास आणि मी तुझी कंबर मोजली.’

पोटात गाठ निघाली. शस्त्रक्रिया ठरली. पुढचं ती झाल्यावरच सांगता येईल, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

दोघींचं सूत जमलं वगैरे म्हणाल, तर तसं काही झालं नाही. खालची सूप घेऊन वर जायची, तर वरची म्हणायची, “मीठ संपलंय वाटतं घरातलं?” खालची म्हणायची, “जिभेवर आहे ना तुमच्या, तेच घाला.” वाडगा मात्र रिकामा परत यायचा. पडदा निघाला. त्या कापडाच्या दोन उशा झाल्या आणि एक सहाव्या पायरीवर कायमची पडून राहिली. सकाळी वरून काहीच आवाज आला नाही, की खालची झाडूच्या दांड्यानं छताला एक टोला द्यायची आणि हात तसाच वर धरून उभी राहायची. वरून टाच आपटल्याचा आवाज येईपर्यंत. तो आवाज शिवी दिल्यासारखाच असायचा. तो आला, की ती मशीनवर बसायची.

शंभरीची उपासना शस्त्रक्रियेच्या आठ दिवस आधी होती. गायला जमणार नव्हतं, पण पहिल्या रांगेत खुर्ची टाकून बसायचं, असं वरचीनं ठरवलं होतं. चौथ्यांदा झगा घेऊन ती खाली आली. खालचीनं मशीन थांबवलं, चष्मा पुसला आणि आधी तिच्या तोंडाकडे बघितलं. चांगलं निवांत.

“काय बघतेस? तोंडाचा झगा शिवायचाय का?”

“बसा.” खालचीनं स्वतःची खुर्ची पुढे ओढली.

“बसलं की माप बदलतं ना?”

“बदलू दे. बसा म्हणते ना.”

वरची बसली. खालची तिच्याभोवती फिरत, वाकत, गुडघे टेकत टेप लावत राहिली. मग तिथेच झगा उसवून मोठ्या टाक्यांनी आत घेतला. दोन्ही कुशींत भरपूर कापड दुमडून राहिलं.

“ते उरलेलं कापून टाक,” वरची म्हणाली. “आत टोचेल.”

“टोचू दे.”

“मागच्या वेळी कापलं होतंस.”

“मागच्या वेळी अक्कल नव्हती.” खालचीनं दोरा दातानं तोडला. अंगठीसाठी चांगला, पक्का असा एक वेगळा दोरा तिनं आधीच काढून ठेवला होता. तो वरचीच्या मांडीवर टाकत ती म्हणाली, “पुढच्या वर्षी हाच झगा मला उसवून सैल करायचाय. तेव्हा कापड कुठून आणू, तुमच्या माडीवरून?”

“मशीन माझ्या आईचं आहे,” वरची म्हणाली. “फार ऐट नको.”

“हात वर करा,” खालची म्हणाली. “जमतील तेवढेच.”